रिकामी ऐरण

लिंबानं सांडशीचा दांडा माझ्या पाठीत घातला तेव्हा लोखंड अजून लालच होतं.

"निवलं की गं! डोळे कुठं हायत तुझे?" असं ओरडून त्यानं दुसरा तडाखा दिला. हा खांद्यावर बसला.

"लाल हाय की अजून!" मीही ओरडले. "मारायला निमित्त पायजे तुमाला, दुसरं काय न्हाई!"

"तोंड चालवतीस व्हय?"

तिसऱ्या तडाख्याला मी खालीच बसले. समोर कुऱ्हाड घेऊन उभा असलेला शेतकरी तोंड फिरवून तंबाखू मळायला लागला. नवरा-बायकोच्या भांडणात कोण पडतंय? माझी सासू भात्यावर बसलेली होती. तिच्या डोळ्यांत फुलं पडली होती, माणूस सावलीसारखं दिसायचं तिला, पण कानांनी मुंगीची चाहूल घ्यायची. ती भाता ओढता ओढताच म्हणाली, "लिंबा, पाठ तिची आसली तरी घण तुझाच हाय रं बाबा. मोडून ठेवलीस तर मारणार कोण?"

म्हातारीनं माझी कड घेतली ती एवढीच.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. केव्हापासून घेते ते सांगतेच आहे.

आम्ही गाडीवरचे लोहार. बैलगाडी हेच घर, ती सोडली तिथं आमचं गाव. सुगीच्या तोंडाला एखाद्या फाट्यावर चिंचेखाली उतरायचं, ऐरण रोवायची आणि आसपासच्या गावांचे विळे, खुरपी, कुळवाच्या पासा करून द्यायच्या. त्या वर्षी शेळगाव फाट्यावर उतरलो होतो. मी, लिंबा आणि सासू. पोरबाळ अजून नव्हतं.

आमच्यात घण बाई मारते. लोकांना त्याचं नवल वाटतं. लोखंड धरायला म्हणे अक्कल लागते आणि मारायला नुसतं बळ. अक्कल बाप्याची आणि बळ बाईचं, ही वाटणी कुणी केली ते तुम्हीच ओळखा. तर, नवरा डाव्या हातात सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो. उजव्या हातात त्याच्या एक बारकी हातोडी असते. ती लोखंडावर जिथं वाजेल तिथं माझा घण पडला पाहिजे. बोलायचं काही नाही, आगीपुढं बोलायला सवड कुणाला आहे? लोखंडावर ठोका वाजला की मार. आणि हातोडी ऐरणीच्या मोकळ्या अंगावर वाजली, टिण्ण करून, की घण थांबव. कारण टिण्ण वाजवून तो लोखंड फिरवायला हात पुढं घालत असतो. रिकामी ऐरण वाजली आणि तरी बाईचा घण खाली आला, तर नवऱ्याच्या हाताचा चुरा. म्हणून ते टिण्ण आमच्या कानांत असं बसतं की झोपेत वाजलं तरी हात थांबावा.

माझं लग्नसुद्धा घणावरच ठरलं. लिंबा बघायला आला तेव्हा बापानं त्याला लोखंड धरून बसवलं आणि मला म्हणाला, "मार पोरी." मी कोवळी पोर, घण डोक्यावर नेला की तोल जायचा. पहिलाच घाव वाकडा पडला आणि त्याच्या बोटाला चाटून गेला. नख उडालं, रक्त आलं. त्यानं हात मागं घेतला नाही. हातोडीनं पुन्हा ठोका दिला, हितं मार म्हणून. बाप उठून म्हणाला, "दिली पोरगी."

असा होता तो. घणाखालनं हात मागं घ्यायचा नाही आणि रागाला आला की तोच हात माझ्या पाठीवर.

रस्त्यापलीकडं उत्रेश्वरचं वेल्डिंगचं दुकान होतं, मागं त्याचं पक्कं घर. बायको वारलेली, घरात एकटाच. इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल, बोलणं म्हणजे लोणी. दुकानातून निळा उजेड फाडफाड निघायचा आणि माझी मान आपोआप तिकडं वळायची. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी लिंबानं मारलं तेव्हाही वळलीच होती.

"त्या उजेडाकडं बघू नगं," सासू म्हणायची. "डोळं जात्यात."

"मग तुमचं कशानं गेलं, आत्याबाई?"

"बघितलं आसंल मीबी कुठंतरी," म्हातारी म्हणाली आणि बोळकं पसरून हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबा कोळसा आणायला गेला होता. मी उत्रेश्वरच्या दारातल्या हौदावर पाणी आणायला गेले. घागर उचलताना पदर सरला आणि पाठीवरचा वळ त्याला दिसला.

"कुणी मारलं?"

"पडले."

"पडल्यावर पाठीवर दांडा उमटतो व्हय, बाई?" तो हसला नाही. "आत मोरी हाय. बंब तापलेला हाय. शेकून घ्या."

"आन् लोक?"

"लोक जेवून आडवे झाल्यात. मोरीला दार हाय. आतनं कडी लावा."

आतून कडी! तुम्हाला त्यात काय वाटायचं? जन्मल्यापासून मी गाडीच्या आडोशाला, लुगडं आडवं बांधून आंघोळ केलेली बाई. वारा आला की एक हात लुगड्याला. इथं चार भिंती आणि दार. मी कडी लावली. काढली, परत लावली, नुसता तिचा आवाज ऐकायला. गरम पाणी पाठीवर घेतलं तशी कळ मस्तकात गेली, आणि तिथंच बसून पोटभर रडले. गुलाबी साबण होता, तो अंगाला लावला, केसांना लावला. कितीतरी वेळ बसून राहिले, पण बाहेरून कुणी दार वाजवलं नाही, आवर म्हणालं नाही. निघाले तेव्हा तो दुकानात पाठमोरा बसून काम करत होता. वळून बघितलंसुद्धा नाही त्यानं. तिथंच मी निम्मी त्याची झाले.

संध्याकाळी सासू भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबली. "कसला वास यायलाय गं?"

"धुराचा."

"धूर जन्मभर खाल्लाय मी. ह्यो साबण हाय."

"बाजारातनं आणला," मी म्हटलं. लिंबा मान खाली घालून जेवत होता. म्हातारीनं तुकडा तोंडात टाकला. पण सकाळी काम चालू झालं आणि ती भात्यावरून म्हणाली, "झुंबर, तुझा घण आज दुसऱ्याच्याच ऐरणीवर पडायलाय."

"काय बडबडतीस आये," लिंबा म्हणाला. मी मात्र पदर केसांवर ओढून घेतला.

तरी मी पुन्हा गेलेच. लिंबा गावात कामं गोळा करायला गेला की माझी घागर रिकामी झालीच म्हणून समजा. या खेपेला उत्रेश्वरनं माझा हात हातात घेतला आणि तळव्यावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"परवा किती येळा कडी वाजवलीस गं," तो हळूच म्हणाला. "मी ऐकत होतो. ते दार तुझंच समज."

मी लाजले. अशी लाजले की माझी मलाच ओळख पटेना. मग त्यानं पाठीवरच्या वळावर तळवा ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. माझ्या पाठीला बाप्याचा हात तसा कधी लागला नव्हता. मी डोळे मिटले.

"राहा हितंच," तो म्हणाला.

"नवरा जित्ती सोडंल व्हय? आमच्यात बाई गेली की बाप्या कोयता घिऊन माग काढतो. तुमालाबी तोडंल."

"तोडायला हात लागतो, झुंबर."

मी डोळे उघडले.

"घण घसरतो की कधी," तो त्याच मऊ आवाजात म्हणाला. "लोखंड सरकतं, नेम चुकतो. उद्या बाजार हाय. चार माणसांदेखत होऊ दे, कुणाला संशय येणार न्हाई. हात गेलेला लोहार कुठवर माग काढंल? पुढं पोटापाण्याला काय लागंल ते मी बघीन त्याचं. मी काय राक्षस हाय का?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. गोड वाटलं! पाठ ठणकत होती, त्याचा हात वळावर होता आणि कुणीतरी माझ्यासाठी एवढा विचार करून ठेवला होता. मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. घागर घेऊन निघाले तेव्हा तो मागून म्हणाला, "मी दारातच उभा राहीन."

बाजाराच्या दिवशी सकाळीच लिंबानं माझ्या थोबाडीत मारली. कारण काय, तर घणाचा दांडा रात्री पाण्यात ठेवायचा विसरले. ओठ फुटला. रक्त गिळतच मी घण उचलला.

फाट्यावर ही गर्दी! पासा घेऊन शेतकरी ताटकळत उभे होते. पास म्हणजे लांब पातं, त्याला घाव जोरकस लागतात आणि धरणाऱ्याचा हात ऐरणीला अगदी लागून येतो. लिंबाच्या त्या हाताचं एक बोट बिननखाचं होतं. घण वर नेला की नेमकं तेच बोट मला दिसायचं.

आता. या घावाला.

ठोका वाजायचा आणि घण लोखंडावरच पडायचा.

बरं, पुढच्या घावाला. तोंडात रक्ताची खारट चव यायची, पाठ ठसठसायची, आणि मी मनात म्हणायची, ह्या हातानंच मारलंय ना तुला सटवे, मग घाल की घाव! कशाला वाट बघतीस? आणि तो हात तिथंच, घणाखाली, एवढासासुद्धा न हलता. ज्या बाईचं तोंड सकाळी फोडलं तिच्याच घणाखाली हात ठेवून बसायचं म्हणजे काय छाती म्हणायची की काय माज म्हणायचा? मला काहीच कळत नव्हतं. मी घामानं भिजले होते. पलीकडं उत्रेश्वर दारात उभा होता, टुवालानं हात पुसत. पुसून पुसून त्याच्या हाताची सालं निघायची वेळ आली, पण नेम काही चुकेना.

शेवटी त्यालाच दम धरवला नाही. हातात एक तुटका बोल्ट घेऊन तो रस्ता ओलांडून आला आणि आमच्या ऐरणीजवळ वाकून उभा राहिला.

"काय बाई," तो म्हणाला, "नेम लई पक्का हाय तुमचा. चुकतच न्हाई."

त्याचं बोलणं लिंबाला कळलं नसतं. पण तो वाकला होता, आणि वाऱ्याचा झोत नेमका त्याच्याकडून आला. लिंबानं मान वर केली. आधी उत्रेश्वरकडं बघितलं, मग माझ्या केसांकडं.

"ह्यो वास," तो म्हणाला.

भाता थांबला.

"बाजारातला साबण न्हवं ह्यो. ह्याच्या अंगाचा हाय." तो उठला. सांडशीतली पास लालबुंद होती, ती तशीच त्यानं उत्रेश्वरच्या तोंडावर फिरवली. उत्रेश्वर मागं सरला म्हणून वाचला, पण शर्टाला चाटली, शर्ट जळाला, कातड्याचा वास सुटला. उत्रेश्वर गुरासारखा ओरडला. लोक पळाले. कुणाची तरी पाटी उपडी झाली, वांगी रस्त्यावर गडगडली. उत्रेश्वर अंगानं दांडगा होता. त्यानं लिंबाच्या पोटात लाथ घातली, सांडशी उडाली, लिंबा गुडघ्यावर आला. तशी त्यानं लिंबाचं मुंडकं धरून ऐरणीवर आपटलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. मग गुडघा त्याच्या पाठीवर रोवून उत्रेश्वरनं त्याचा डावा हात ऐरणीवर ओढला आणि मनगट दाबून धरलं. दुसरा तळवा त्यानं तोलाला ऐरणीवरच टेकवला, पाची बोटं पसरून.

"मार!" तो माझ्यावर ओरडला. लोणी कुठल्या कुठं गेलं होतं. "बघत काय बसलीस, मार की भवाने! घाल घाव!"

मी घण डोक्यावर नेला. तो कधी नेला ते माझं मलाच आठवत नाही.

खाली दोन हात होते. एक बिननखाच्या बोटाचा, एक पुसून स्वच्छ केलेला, पसरलेला. लिंबाचं तोंड ऐरणीला चेपलेलं होतं, एका डोळ्यात रक्त आणि दुसरा माझ्यावर लावलेला. त्याच्या उजव्या मुठीत बारकी हातोडी अजून तशीच होती. त्यानं ती कशीबशी उचलली.

हातोडीचा ठोका वाजला.

आणि माझा घण खाली आला.

हाडाचा आवाज लोखंडासारखा नसतो. वाळलेल्या शेंगा पायाखाली याव्यात तसा तो आला. उत्रेश्वरचं तोंड उघडलं, पण आधी आवाजच फुटला नाही. त्यानं हात उचलायला बघितला तर बोटं मनगटाबरोबर वर येईनात. मग तो किंचाळला. त्याच्याखालून लिंबा सरपटत बाहेर आला, आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर स्वतःचा डावा हात डोळ्यासमोर धरून उलटापालटा करून बघितला.

मी घण खाली ठेवला नव्हता. "अजून कुणाला मारायचा?" मी गर्दीला विचारलं. सगळे मागं सरले.

पण गाव त्यांचं होतं. उत्रेश्वरला जीपमध्ये घातल्यावर लोकांना जोर चढला. पहिला धोंडा बैलाला लागला, दुसरा सासूच्या कपाळाला. आम्ही ऐरण उपसली, भाता गाडीत फेकला, निखारे तसेच सोडले आणि निघालो. कुणीतरी चिंचेखाली ताणलेलं आमचं कापडी पाल पेटवून दिलं होतं, ते आम्ही चालत्या गाडीतून बघितलं. फाटा दिसेनासा होईपर्यंत मागून धोंडे येत होते.

पोलीस आम्हाला शोधत आले नाहीत. उत्रेश्वरनं जबाब दिला म्हणे की आपलाच हात मध्ये आला. देईल नाहीतर काय करील? दुसऱ्याचा हात ऐरणीवर कशाला धरला होता, हे सांगावं लागलं असतं.

गोष्ट मात्र आमच्या आधी गावोगाव पोचली. पुढं जिथं उतरू तिथं आमचे लोक बायकांना माझं उदाहरण द्यायला लागले. बाई असावी तर झुंबरसारखी! नवऱ्याची मान दाबली होती, पण त्यानं हातोडी वाजवली, हितं मार म्हणून, आणि हिनं तिथंच घाव घातला. नवऱ्याच्या ठोक्याबाहेर जायची नाही. सुना आणून माझ्या पायावर घातल्या लोकांनी. लिंबा तेव्हा खाली मान घालून विडी ओढायचा. मरेपर्यंत त्यानं पुन्हा माझ्या अंगाला हात लावला नाही. हात वाचवला म्हणून उपकार मानतो बायकोचे, असं लोक म्हणायचे. मानत असेल, मी कधी विचारलं नाही.

आता गाडीतलं सांगते, म्हणजे झालं.

ऊन कलत होतं. सासूच्या कपाळावर मी पदराची चिंधी बांधली होती. लिंबा बैलांच्या बरोबरीनं पायी चालत होता, एक डोळा सुजून मिटलेला. बऱ्याच वेळानं म्हातारी आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आज कानबी गेले वाटतं माझे. लोखंड तर हातातनं उडालेलं. मग ठोका पडला कशावर? मला आपलं टिण्ण वाजल्यागत झालं."

लिंबाच्या हातातला कासरा ढिला पडला. बैल थांबले.

तो माझ्याकडं बघेना. बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला, त्या बिननखाच्या बोटाच्या हातानं.

"मी थांब म्हणालो होतो तुला," तो म्हणाला. "रिकामी ऐरण वाजवली होती मी."

"ऐकली मी, लिंबा," मी म्हणाले. "हाक गाडी."